मंग म्हणणारा

गुलाबच्या सलूनमध्ये अंकुशच्या अर्ध्या गालावर फेस होता आणि वस्तरा हनुवटीखाली आला होता, तेव्हा शेजारच्या खुर्चीतून त्याची बायको हसली. बायको तिथे असणं शक्यच नव्हतं. ती घरी मेथी निवडत बसली होती आणि तो निघाला तेव्हा मान वर न करताच “मिशीले हात लावू देऊ नका” एवढंच म्हणाली होती. पण हसू तिचंच होतं. आधी नाकातून, मग गळ्यात अडकून, मग एकदम मोकळं. शेजारी केस काळे करून घेत बसलेल्या एका जाडजूड माणसानं मोबाईल पोटावर ठेवला होता आणि त्यातून तीच, तृप्ती, बोलत होती. “सिरीयलमधल्या बाईची याददाश्त गेली, मानलं आपण. नवरा आठवत नाही, सासू आठवत नाही, सोताचं नाव आठवत नाही. पण सकाळी उठली का साडीच्या निऱ्या बरोबर! थ्या कशा आठवल्या वो तिले?” तो माणूस गदगदून हसला. गुलाबही हसला आणि त्यानं शहाणपणानं वस्तरा गळ्यावरून उचलून धरला. मग त्या हसण्याच्या मागून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, एका पुरुषाचा आवाज आला : “मंग?” तो आवाज अंकुशचा होता. “बाई भारी आहे,” शेजारचा म्हणाला. “नवऱ्यात काही दम नाही. निस्ता मंग-मंग करते.” गुलाब म्हणाला, “नवऱ्याचं कामच थे आहे ना काका,” आणि वस्तरा पुन्हा गळ्याला लावला. नवरा आपल्याच वस्तऱ्याखाली बसलाय हे त्याला माहीत नव्हतं. अंकुशनं आरशात पाहिलं. फेसाच्या वर दोन डोळे तेवढे दिसत होते.

दाढी झाली, तुरटी फिरली, अंकुश बाहेर पडला. ओळख सांगितली नाही. ‘तो मंग-मंगवाला मीच’ हे सांगण्यात काही मोठेपणा नव्हता, आणि ‘ती बाई माझी’ हे सांगायला गेला असता तर आवाज नक्की चढला असता. बसस्टँडवरून घराकडे येताना त्याला सारखं ते पोट दिसत होतं आणि त्याच्यावर खालीवर होणारं तृप्तीचं हसू. माणसानं रागवावं कशावर याला काही धरबंध असतो. बायकोचा फोटो कुणाच्या खिशात सापडला तर रागावता येतं. कुणाचे सारखे फोन यायला लागले तर रागावता येतं, निदान तोंड पाडून बसता येतं. पण हसू सापडलं तर करायचं काय? आणि तेही आपणच, दर रविवारी, पंखा बंद करून, खिडक्या लावून, कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅस बंद ठेवून, आपल्याच हातानं रेकॉर्ड केलेलं! घामाघूम होऊन आपण ते सगळ्या जगाला वाटलं, आता एकानं पोटावर ठेवून घेतलं तर तक्रार कुठल्या तोंडानं करायची. बरं, त्या माणसाचं चुकलंही नव्हतं. बाई भारी होतीच.

हे सगळं सुरू केलं ते रीनानं, तृप्तीच्या धाकट्या बहिणीनं. करडीला सासरवाडीत सगळे जेवून अंगणात बसले होते आणि तृप्ती नवऱ्याला काहीबाही सांगत होती. गाण्याच्या स्पर्धेत जो पोरगा जिंकायचा असतो त्याचे वडील कायम आजारी का असतात, असा काहीतरी विषय होता. “बापाले साधी सर्दी असली तं पोट्टा दुसऱ्याच फेरीत बाहेर,” असं ती म्हणाली आणि रीनानं गुपचूप मोबाईलवर ते धरलं. नागपूरला हॉस्टेलवर गेल्यावर तिनं ते मैत्रिणींना ऐकवलं, मैत्रिणींनी आणखी कुणाला, आणि मग रीनानंच त्याला ‘जेवण झालं का?’ असं नाव देऊन इंटरनेटवर टाकून दिलं. दोघं नवरा-बायको दर रविवारी बसून गप्पा मारताहेत, एवढंच. सिरीयल, सिनेमा, क्रिकेटवाले, जाहिराती, शेजारणीची स्कूटी, कॉन्व्हेंटातली पोरं. तृप्ती एका कॉन्व्हेंटात पहिलीला शिकवायची, तिथलं तिच्याकडे रोज काही ना काही असायचं. लोकांना आवडलं. आधी भंडाऱ्यातल्यांना, मग पवनी, साकोली, तुमसर, आणि मग गोंदियाच्या बाजूचे लोकही लिहू लागले : ‘ताई, जिल्हा फुटला म्हणून काय झालं, आम्ही पण तुमचेच.’ अंकुशला हे वाचून पहिल्यांदा नुसती गंमत वाटली होती. मग कधीतरी, पाटबंधारे खात्यातल्या आपल्या टेबलाशी बसून नकाशा उलगडताना, त्याच्या मनात आलं की सरकारनं मोठ्या खटाटोपानं वेगळे केलेले दोन जिल्हे आपल्या बायकोनं पुन्हा एक केले, आणि ते सगळेच्या सगळे आता तिच्याकडे आशेनं पाहताहेत.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी म्हणजे गेल्या पावसाळ्याच्या आधी. संध्याकाळी जेवणं आटोपली की दोघं खांब तलावाकडे जात. काठावर बसून तृप्ती बोलायची आणि तो ऐकायचा. बाकीची जोडपी आइस्क्रीम खात, फोटो काढत, पोरांच्या मागे धावत. या दोघांना काही लागत नसे. सिनेमातली आई मुलगा परदेशातून आला की गाजराचाच हलवा का करते, तिला कुणी साधे पोहे शिकवले नाहीत का. समालोचन करणाऱ्याचा कोट मे महिन्यात पण कसा निघत नाही. हेडमास्तरीण बाई रागावताना इंग्रजीत सुरू करतात आणि राग खरा असला की थेट गावच्या बोलीवर येतात. तृप्ती एका विषयातून दुसऱ्यात अशी शिरायची की मागं वळून पाहिलं तर निघालो कुठून ते सापडू नये. आणि तिच्या प्रत्येक थांब्यावर अंकुश उभा असायचा. हूं. मंग? हूं. मंग काय झालं?

ही विद्या त्याला काकांकडून मिळाली होती. आसगावला धान कापून पुंजणे रचले की ते राखायला मधुकरराव काका शेतावर मुक्कामाला जात आणि घरातली पोरं त्यांच्या मागं लागत. काका गोष्ट सांगत. अट एकच, एकानं हुंकार द्यायचा. राजा निघाला; हूं. वाटेत जंगल लागलं, मंग? हुंकार थांबला की काका तिथल्या तिथं, राजाचा एक पाय घोड्यावर असतानाच, कूस बदलून झोपत. मग कुणी कितीही गयावया केली तरी राजा पुढं जात नसे. बाकीची पोरं हुंकार देता देता पेंगायची. अंकुश पेंगत नसे, म्हणून ते काम त्याच्याकडेच आलं आणि कायमचं राहिलं. त्याला लवकर कळलं की यातही कसब असतं. हुंकार घाईनं दिला तर सांगणाराही घाई करतो. उशिरा दिला तर त्याला वाटतं, याला आधीच माहीत आहे. ‘हूं’ची जागा वेगळी आणि ‘मंग’ची वेगळी. काका एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, “अंकुशनं हूं म्हटलं का मले माईत नसलेलं बी आठवते.” शाळेत त्याला कुठलं बक्षीस कधी मिळालं नाही, पण हे वाक्य त्यानं जपून ठेवलं होतं. तृप्ती छान बोलते हे सगळ्यांना ऐकू येत होतं. तिला बोलतं कोण करतं हे त्याला एकट्याला माहीत होतं, निदान त्याची तशी समजूत होती, आणि त्या समजुतीवर तो आपला सुखात होता.

आता तलावावर जाणं चालू होतं, पण बोलणं आटलं होतं. म्हणजे तोंडाशी यायचं आणि परत जायचं. परवाच ती खुदकन हसली. त्यानं विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही, थ्या नवीन सिरीयलमधला वकील...” आणि थांबली. “मंग?” “नाही, थांबा. हे रविवारले बोलू. आता सांगलं का मंग तवा मजा येत नाही.” तो थांबला. दुसरं काय करणार? भाजीवाल्याशी काय झालं ते रविवारी. कॉन्व्हेंटातल्या पोरानं डब्यात काय आणलं ते रविवारी. उरलं काय, तर सिलिंडर संपत आला आहे, आसगावहून मायचा फोन आला होता, उद्या तूरडाळ करू की लाखोरी. सोमवार ते शनिवार त्याला बायकोचं उरलंसुरलं मिळू लागलं आणि ताजं ताजं सगळं रविवारी लोकांच्या पानात. तोही त्या पंगतीत असायचा म्हणा, पण वाढप्यासारखा. रेकॉर्डिंगला ती त्याच्याकडेच पाहून बोलायची, पण डोळे त्याच्यावर ठेवून मन त्याच्या पलीकडे कुणाकडे तरी असायचं. ते त्याला दिसायचं. इतकी वर्षं ज्या डोळ्यांसमोर बसला, ते कुठं पाहताहेत हे त्याला कळणार नाही तर कुणाला?

त्या पलीकडच्या गर्दीतून हळूहळू एक माणूस वेगळा झाला. बपेऱ्याचा टेकचंद. दर भागाखाली त्याचं काहीतरी असायचंच. ‘वहिनी, सासूच्या कानातल्याचा विषय अर्धाच राहिला.’ ‘वहिनी, तुम्ही मागं म्हणाला होता तो खलनायक काल एका जाहिरातीत साबण विकताना दिसला.’ लक्षात ठेवायचा मेला सगळं. मग तृप्तीही म्हणू लागली, “बपेऱ्याच्या टेकचंदभाऊनं इचारलं आहे...” भाऊ म्हणायची, त्यात काही नव्हतं, आणि काही नव्हतं हेच अंकुशला सोसत नव्हतं. काही असतं तर बोलता आलं असतं. तो मनातल्या मनात टेकचंद रचत बसे. उंच, सावळा, मिशीला पीळ, बावनथडी नदीच्या काठाला मोटरसायकल टेकवून कानात तार घालून उभा. तार कानात जिथं शिरते तिथं तृप्ती बोलते. एखाद्या दिवशी ऑफिसात त्याची चहाची कपबशी तशीच राहायची, चहावर साय धरायची, आणि त्याला वाटायचं, या घटकेला तो ऐकत असेल. शनिवार असला तरी ऐकत असेल, जुना भाग लावून. आपल्याला शनिवारी काही मिळत नाही, त्याला शनिवारीही मिळतं.

“बंद करायचं का आता हे?” त्यानं एकदा तलावाच्या काठावर विचारलं. आवाज जमेल तितका सहज ठेवला होता.

“काहून?”

“काही नाही. लोकं ऐकून राहिले.”

“लोकाइनं ऐकावं म्हणूनच तं करून राहिलो ना आपण.” तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुमाले कंटाळा आला का?”

कंटाळा! त्याला रागच आला त्या शब्दाचा. “मले जळण होते” हे तीन शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न येणार, कोणाची? त्याला उत्तर काय द्यायचं? सलूनमधल्या पोटाची? गोंदिया जिल्ह्याची? ती हसली असती, आणि हसून झाल्यावर म्हणाली असती, हे रविवारले घेऊ. या शेवटच्या भीतीनं त्याचं तोंड मिटलं. “नाही, कंटाळा नाही,” तो म्हणाला. ती म्हणाली, “मंग चालू द्या. मले पहिल्यांदाच असं वाटून राहिलं का आपल्या बोलण्याले काही किंमत आहे.” मग त्याला आणखीच लागलं. मग इतके दिवस आपण काठावर बसून काय देत होतो तिला?

एक गोष्ट मात्र अजून त्याची होती. तिच्यावर त्याची सगळी मदार होती. लग्नाला आठ दिवस झाले होते. तेव्हा ते आसगावला होते, घर माणसांनी भरलेलं, आणि तृप्ती हो-नाहीच्या पलीकडे कुणाशी बोलत नव्हती. त्याच्याशी तर तेवढंही नाही. त्याला वाटलं होतं, आपल्याला मुकी बायको मिळाली. एका संध्याकाळी सगळे बुद्धविहारात वंदनेला गेले होते, घरात दोघंच होती, टीव्हीवर सिरीयल लागली होती आणि ऐन वेळी, एक बाई दुसरीच्या दुधात काहीतरी कालवत असताना, लाईन गेली. अंधार. बाहेर बेडकं. काय बोलावं ते न सुचून त्यानं विचारलं, “आता काय होईन?” मग अंधारातून आवाज आला, “दूध मांजर पेईन.” तो म्हणाला, “मंग?” “मंग मांजरीची याददाश्त जाईन.” “मंग?” मग ती जी सुटली ती सुटलीच. मांजर शेजारच्या घराला आपलं घर समजून राहू लागली, तिथल्या सुनेनं तिला सासू समजून नमस्कार केला, कोर्टकचेरी झाली, मांजरीची साक्ष झाली. तो अंधारात भिंतीला टेकून मंग म्हणत राहिला, आसगावच्या पुंजण्यांत शिकलेलं सगळं त्या एका संध्याकाळी त्यानं पणाला लावलं. मग लाईन आली. टीव्हीचं बटण त्याच्या हाताजवळ होतं. त्यानं ते दाबलं नाही आणि तिनंही ‘लावा’ म्हटलं नाही. त्यांचं लग्न त्या दिवशी लागलं असं तो मनात धरून होता. हे त्यांनी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. तसं ठरवलं नव्हतं, पण तिनं तो विषय कधी काढला नाही आणि त्यावरून त्यानं ओळखलं होतं की तिलाही कळतं.

दिवाळीनंतर मंडईचं बोलावणं आलं, ते टेकचंदचंच. गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, दुपारी दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. यंदा बपेऱ्याच्या कमिटीनं ठरवलं होतं की दंडार झाली की नाटकाच्याच स्टेजवर ‘जेवण झालं का?’वाल्या ताईंनी बसावं आणि अर्धा तास बोलावं. तृप्तीनं तो निरोप दोनदा मोठ्यानं वाचला. “जाऊ ना?” ती म्हणाली. गाल तापले होते तिचे. अंकुश हाव म्हणाला. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि टेकचंद एकदा पाहायचाही होता.

टेकचंद ठेंगणा निघाला. पोट सुटलेलं, खताचं दुकान, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलताना निम्मी हिंदी. मंडईच्या तोंडाशी येऊन त्यानं आधी अंकुशला हात जोडून जयभीम घातला, मग तृप्तीला, आणि घरी नेऊन पाय धुवायला पाणी दिलं. त्याच्या बायकोनं, चंद्रकांतानं, गरम अनारसे पुढं ठेवले आणि तृप्तीला म्हणाली, “मी भांडे घासतानी तुमाले लावून ठेवतो बाई. भांडे कधी सरते, मालूमच नाही पडत.” माणसं चांगली होती. दुसरा एखादा असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. अंकुशचा पडला नाही. उंच सावळ्या टेकचंदशी त्यानं महिनोन्महिने मनातल्या मनात दोन हात केले होते. या ठेंगण्या, घामेजल्या, अनारसा पुढं करणाऱ्या माणसाशी करायचं काय? आणि इतक्या साध्या माणसाला जे मिळतं ते आपल्याला मिळू नये, हे तर त्याहून वाईट. त्यानं दोन अनारसे खाल्ले आणि छान आहेत म्हणून सांगितलं.

स्टेजवर मागं राजवाड्याचा पडदा सोडला होता. पुढं दोन खुर्च्या आणि दोन माईक. समोर माणूसच माणूस. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मागं आकाशपाळणा, जिलेबीच्या कढया, कुठं तरी पिपाणी वाजत होती, आणि या सगळ्यावर कापलेल्या धानाचा वास. टेकचंद अगदी पुढं, खांबाशी उभा होता. तृप्तीनं पदर खोचला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. सुरुवातीला गाजराचा हलवा झाला. अंकुशनं मंग म्हटलं, लोक हसले. निऱ्या झाल्या. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. अंकुशचं काम बिनबोभाट चाललं होतं, त्याचा आवाज भोंग्यातून त्याच्याकडेच परत येत होता, आणि क्षणभर त्याला बरंही वाटलं. मग तृप्तीनं माईक दुसऱ्या हातात घेतला. ती लोकांकडे पाहत हसली, जरा लाजलीही, आणि म्हणाली, “आज तुमाले एक सांगतो. कोणालेच सांगलं नाही आजपर्यंत. आमच्या लग्नाले आठ दिवस झाले होते. मी बोलतच नव्हती यांच्यासंगं. आन एका संध्याकाळी आमी टीव्ही पाहून राहिलो होतो, आन लाईन गेली.”

ती थांबली. तिथं मंगची जागा होती. अंकुशला ती जागा अशी स्पष्ट दिसत होती की बोट ठेवून दाखवता आली असती. त्यानं तोंड उघडलं नाही. हे नको, तो मनात म्हणत होता, हे सोडून काही पण दे त्यांना. तृप्तीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, त्याचं लक्ष नसेल अशा समजुतीनं जरा हसली आणि पुन्हा म्हणाली, “लाईन गेली.” भोंगा किंचित शिट्टी मारून थांबला. तिचं कानातलं हलत होतं, ते एकट्या त्यालाच दिसत होतं. तिला पुढचं सापडेना. आता ती अडकेल, आता तिला आठवेल हे कोणाचं आहे, आता ती हा विषय टाकून दुसरा घेईल. तिनं अडकावं असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि तिच्या ओठांवरचा घाम पाहून त्याला आत कुठंतरी आनंदही झाला.

“मंग, वहिनी?” खांबाशी उभ्या टेकचंदनं दोन्ही हात तोंडाशी धरून विचारलं.

लोक हसले. बायांच्या बाजूनं चंद्रकांता ओरडली, “मंग वो बाई?” मग एक म्हातारा, मग पोट्टे, मग सगळेच. तृप्तीनं त्याच्यावरची नजर काढली आणि समोर वळवली, सगळी मान, सगळे खांदे वळवले, आणि सांगितलं. दूध सांगितलं, मांजर सांगितली. ती थांबली की शेकडो माणसं मंग म्हणायची. आणि म्हणायची किती वाईट! कुणी आधीच, कुणी मागून, कुणी एकमेकांच्या वर, पोरं तर जागा नसताना नुसती मजा म्हणून. काका असते तर पहिल्याच मिनिटाला कूस बदलून झोपले असते. तृप्तीचं काही अडलं नाही. ती बोलत होती, कधी बोलली नव्हती इतकी छान बोलत होती, त्या दिवशी अंधारात होती त्याहूनही छान. मांजरीच्या साक्षीत तिनं आज नवीन भर घातली, ती अंकुशनंही ऐकलेली नव्हती. “मंग लाईन आली,” ती म्हणाली, “पण टीव्ही कोणीच लावला नाही.” टाळ्या पडल्या. मधे कधीतरी अंकुशच्याही तोंडून मंग निघालं होतं. त्या कल्लोळात ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

उन्हं कलताना ते निघाले. नाटकाला थांबा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, पण तृप्तीला सकाळी शाळा होती. वाटेत सिहोऱ्याला चहासाठी थांबले. अंकुशनं रस्ताभर मनात तयारी केली होती. ती विचारणार, काहून थांबले तुमी? मग तो सांगणार, सगळं, सलूनपासूनचं. जळण होते म्हणणार. ती चिडो, रडो, चालेल. निदान ते भांडण तरी दोघांचंच असेल, रविवारचं नसेल. त्याला त्या भांडणाची जवळजवळ ओढ लागली होती.

तृप्तीनं चहाचा कप टेबलावर ठेवला आणि त्याचं मनगट धरलं. डोळे चमकत होते तिचे.

“तुमी मुद्दाम थांबले ना?”

“हं?”

“मले आधी वाटलं, इसरले का काय तुमी. मंग समजलं, तुमी लोकाइले जागा देऊन राहिले.” ती हसली, नाकातून, गळ्यातून, मग मोकळं. समोर दुसरं कुणी नव्हतं, ते हसू पूर्ण त्याचं होतं. “थे सांगतानी दुसरं कोणी मंग म्हणन, असं कोणत्या नवऱ्याले चालते वो? तुमाले चाललं. मले लय बरं वाटलं. लय.”

अंकुशच्या हातातला कप गरम होता. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. तू अडकावंस म्हणून थांबलो. एवढं एकच वाक्य, की तो चेहरा विझला असता. कित्येक महिन्यांत ती त्याच्याकडे अशी, फक्त त्याच्याकडे, पाहत होती आणि ज्यासाठी पाहत होती ते त्यानं केलेलंच नव्हतं. त्यानं चहा प्यायला.

“आता असंच करू आपण,” ती म्हणाली. “रीनाले सांगतो, दोन-चार जणाइले दर रविवारी घरीच बोलवून घेऊ समोर बसाले. शेजारच्या वच्छलाबाई हायेच. थेच म्हणतीन मंग. तुमाले बी दर हप्त्याले गरमीत बसा लागणार नाही. आन आसगावले माय एकटी आहे, कवापासून बोलवून राहिली तुमाले. रविवारी तिकडं जात जा. काय म्हणता?”

ती बोलायची थांबली आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

“हाव,” अंकुश म्हणाला. लवकर नाही, उशिरा नाही, अगदी नेमक्या वेळी म्हणाला. मग त्यानं चहाचे कप नेऊन दिले आणि गाडी सुरू केली.